पेटकरांचं सुवर्ण आणि आपली ४६ वर्षं

भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण कोणी दिलं? अभिनव बिंद्रा, २००८. बरोबर. पण पॅरालिंपिक धरलं तर त्याच्या ३६ वर्षं आधी एका मराठी फौजीने ते आणलं होतं.

मुरलीकांत पेटकर. मूळचे सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. लष्कराच्या ईएमईमध्ये जवान, अंगाने बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग लुळं पडलं. उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरले आणि पोहणारे झाले. १९६८ ला तेल अवीवच्या स्पर्धेत टेबल टेनिस खेळले. १९७२ ला जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पार केली. सुवर्णपदक, तेही विश्वविक्रमासह!

पुढे काय? पुण्यात टेल्कोत नोकरी. आपल्या पट्ट्यातल्या हजारो कामगारांसारखीच. पद्मश्री मिळाली २०१८ ला, म्हणजे ४६ वर्षांनी. २०२४ ला 'चंदू चॅम्पियन' सिनेमा आला, तेव्हा कुठे घराघरांत नाव पोचलं. अर्जुन पुरस्कार तर त्याच्याही नंतर, २०२५ च्या जानेवारीत.

सत्काराला उशीर झाला, तो आता भरून निघणार नाही. पण एक करता येईल. तळेगावपासून पिंपरीपर्यंत आपल्या किती मैदानांवर, किती तलावांवर व्हीलचेअर आत जाते, ते जाऊन बघा. पुढचा पेटकर दारातूनच परत जात असेल, तर पदकं मोजून काय उपयोग?

तुम्ही बघितलेली जागा कमेंटमध्ये नक्की लिहा.