पस्तीस पौंड दगड

शर्यत जिंकणाऱ्याचे नाव जग लक्षात ठेवते. पण हरलेल्याच्या गाठोड्यात काय होते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. दक्षिण ध्रुवाच्या शर्यतीची हकीकत वाचकांपैकी पुष्कळांना शाळेच्या पुस्तकातून ठाऊक असेल. मला आज सांगायचे आहे ते त्या गाठोड्याविषयी. परंतु त्यासाठी मूळ कथेची थोडी उजळणी करायला हवी.

नॉर्वेचा रोआल आमुन्सेन चार सोबत्यांसह १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचला. बर्फावरच्या गाड्या ओढायला त्याने कुत्रे नेले होते. निघताना ते ५२ होते, परतले ११. बाकीचे वाटेतच माणसांच्या आणि उरलेल्या कुत्र्यांच्या पोटात गेले. कठोर हिशेब खरा, पण तो अचूक ठरला आणि पाचही माणसे सुखरूप परतली.

इंग्रज कॅप्टन रॉबर्ट स्कॉट आपल्या चौघा सोबत्यांसह तेथे पोचला तो १७ जानेवारी १९१२ रोजी. नॉर्वेचा झेंडा ३४ दिवस आधीच लागलेला! आता परतीची वाट सुमारे आठशे मैलांची, आणि गाडी ओढायची ती स्वतःच्या खांद्यांनी. फेब्रुवारीत एडगर इव्हान्स गेला. मार्चमध्ये ओट्सचे पाय हिमाने पार निकामी झाले. आपल्यापायी इतरांचा जीव जाऊ नये म्हणून हा गृहस्थ वादळात तंबूबाहेर पडला, तो परत आलाच नाही. उरलेले तिघे, स्कॉट, डॉक्टर विल्सन आणि बॉवर्स, वादळामुळे तंबूत अडकले. अन्नाचा मोठा साठा तेथून अवघ्या अकरा मैलांवर होता. स्कॉटच्या रोजनिशीतली शेवटची नोंद २९ मार्चची आहे.

नोव्हेंबरात शोधपथकाला तो तंबू सापडला. रोजनिशा होत्या, पत्रे होती, आणि गाडीवर होते पस्तीस पौंड दगड!

कोणी म्हणेल, हा काय वेडेपणा? पाऊल उचलवत नाही तेव्हा माणूस अंगावरचा कपडासुद्धा जड मानतो. पण बिअर्डमोर हिमनदीच्या कडेला, एका डोंगराच्या कुशीत विल्सनला कोळशाचे थर दिसले होते, आणि त्या थरांत पानांचे ठसे. हे दगड त्यांनी अखेरपर्यंत टाकले नाहीत. लंडनला गेल्यावर १९१४ साली ए. सी. सीवर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांतले एक पान ओळखले. त्याचे नाव ग्लॉसॉप्टेरिस इंडिका.

नावातला हा ‘इंडिका’ आपलाच. जिभेच्या आकाराच्या याच जातीच्या पानांचे ठसे नागपूरजवळच्या कामठीच्या खडकांत सापडतात. चांदा जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, कोळसाही त्याच काळातल्या अरण्यांचा. पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी विदर्भ आणि अंटार्क्टिका एकाच विशाल भूखंडाचे भाग होते. त्या भूखंडाला शास्त्रज्ञांनी नाव दिले आहे गोंडवन, आपल्या गोंडांच्या मुलुखावरून. मरणाऱ्या माणसांनी ओढून आणलेले दगड हे त्या जुन्या नात्याचे साक्षीदार ठरले.

पण त्याच दगडांनी दुसरीही एक गोष्ट सांगितली: बर्फाखाली कोळसा आहे. आणि जेथे काही घेण्यासारखे असते तेथे माणूस कसा वागतो, हे त्या समुद्राने पाहिले होते. दक्षिण जॉर्जिया बेटावर कातड्यासाठी सीलांची कत्तल होऊन ती जात जवळजवळ नाहीशी झाली. पुढे तेलासाठी पाळी आली देवमाशांची. १९३०-३१ च्या एका हंगामात सुमारे २९ हजार निळे देवमासे मारले गेले. भूमीवर तर सात राष्ट्रांनी हक्क सांगितले, त्यांतले काही एकमेकांच्या हद्दीत घुसणारे.

आणि येथेच, माझ्या मते, कथेचा खरा पराक्रम सुरू होतो. १९५६ साली भारताने अंटार्क्टिकाच्या शांततामय उपयोगाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघापुढे नेला. तो तेथे पुढे सरकला नाही. परंतु १ डिसेंबर १९५९ रोजी वॉशिंग्टनमध्ये बारा राष्ट्रांनी करार केला: तेथे लष्करी तळ नकोत, अणुस्फोट नकोत, संशोधन सर्वांना मोकळे, जमिनीचे हक्क कोणी सोडायचे नाहीत, पण नवे सांगायचेही नाहीत. अमेरिका आणि रशिया एकमेकांवर डोळे वटारून बसलेल्या काळात हे घडले!

भारताची पहिली तुकडी डॉ. सय्यद झहूर कासीम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी त्या बर्फावर उतरली. १९८३ साली आपण करारात सामील झालो.

कोळशाचा प्रश्न मात्र शिल्लकच होता. १९८८ साली खाणींना नियमांत बसवणारा एक करार तयारही झाला. पण ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स यांनी अंग काढून घेतल्यामुळे तो अमलात आला नाही. त्याऐवजी ४ ऑक्टोबर १९९१ रोजी माद्रिदला ठरले की संशोधनाखेरीज तेथील खनिजांना हात लावायचा नाही. १९९८ पासून तो नियम लागू आहे. परके प्राणी नकोत म्हणून १९९४ पर्यंत कुत्रेही तेथून परत आणले. ज्यांच्या बळावर ध्रुव जिंकला त्यांनाच निरोप!

तेथील कोळसा जमिनीतच राहिला. पण त्याच अरण्यांचा इकडला कोळसा, आणि जगभरचा इतर, आपण जाळतच आलो. त्याची ऊब त्या बर्फापर्यंत पोचते आहे. २००२ साली लार्सन-बी नावाचा सुमारे ३,२५० चौरस किलोमीटरचा बर्फाचा पट्टा जेमतेम पाच आठवड्यांत फुटून समुद्रात विखुरला. त्या उबेला माद्रिदचा करार अडवू शकत नाही. तिचा बंदोबस्त आपल्या चुलीपासून आणि कारखान्यापासूनच करावा लागेल.

२०४८ नंतर कोणत्याही निर्णायक मताच्या सदस्य राष्ट्राला खनिजबंदीचा फेरविचार मागता येईल. बंदी त्या वर्षी आपोआप उठणार नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण उलट समज फार पसरलेला आहे. मात्र मागणी झाली तर मत देणाऱ्यांत भारतही असेल. आज घरात फटाक्यांसाठी हट्ट धरून बसलेली मुले तेव्हा कर्तीसवरती झालेली असतील. फराळाच्या ताटावर त्यांना स्कॉटची गोष्ट जरूर सांगावी. सांगताना ते पस्तीस पौंड दगड तेवढे गाळू नयेत.