रानातली बंदूक शाळेत



उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका म्हणजे सह्याद्रीचे दाट रान. त्या रानात नंदिगड्डे हे गाव आहे. या मुलखात बंदूक ही चैनीची वस्तू म्हणून कधी मानली गेली नाही. भात पोटरीला आले आणि रानडुकरांचा कळप शेतात उतरला की परवान्याची ठासणीची बंदूक बाहेर काढावयाची, असा या बाजूच्या शेतकऱ्याचा रिवाज. पुढे १९५६ साली दांडेलीचे अभयारण्य झाले, १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि शिकारीचे दिवस संपले. शिकार संपली ते बरेच झाले. पण नेम धरण्याचे कसब काही त्याबरोबर संपत नाही. रानातून निघालेली बंदूक जगात ठिकठिकाणी शाळेच्या दारी आली. ती कशी आली, आणि आपल्याकडे ती कोणत्या रूपाने आली, एवढेच आज सांगावयाचे आहे.

नेमबाजीच्या खेळांत ‘ट्रॅप’ हा प्रकार शिकारीला सर्वांत जवळचा. पूर्वी पेटीत जिवंत कबुतर कोंडून ठेवीत, पेटी उघडली की ते उडे आणि त्यावर बार टाकीत. १९०० सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जिवंत कबुतरांवरही नेमबाजी झाली होती! आता कबुतराच्या जागी ११ सेंटिमीटर व्यासाची ठिसूळ तबकडी असते. ती खंदकातल्या यंत्रातून सुटते, कोणत्या दिशेने हे नेमबाजाला ठाऊक नसते, आणि छर्ऱ्यांनी ती हवेतच फोडावी लागते. भारतात हा खेळ राजेरजवाड्यांनी आणि लष्करी घराण्यांनी वाढविला. बिकानेरचे महाराजा करणीसिंह यांनी १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. मानवजितसिंह संधू २००६ साली जगज्जेते झाले. परंतु हिशेब पाहा. एका फेरीत २५ तबकड्या, प्रत्येकीवर दोन बार टाकण्याची मुभा. म्हणजे फेरीला पन्नासपर्यंत काडतुसे. शिवाय विस्तीर्ण मोकळे मैदान हवे. आपल्याकडील कोणत्या शाळेला हे परवडावे?

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मात्र शाळांनी ते परवडवून दाखविले. तेथील एका निवृत्त गृहस्थांच्या लक्षात आले की आपल्या बंदूक-मंडळात सगळी डोकी पांढरी झाली आहेत. २००१ साली त्यांनी तीन शाळांची सुमारे ३० मुले जमविली. पुढच्या वीस वर्षांच्या आत त्या एका राज्यात दहा हजारांहून अधिक विद्यार्थी हा खेळ खेळू लागले; २०१४ पासून शाळांच्या अधिकृत राज्यस्पर्धाही होऊ लागल्या. यातील युक्ती मोठी मार्मिक आहे. संघांनी एकमेकांच्या गावी जावयाचेच नाही. प्रत्येकाने आपल्याच मैदानावर तबकड्या फोडाव्यात, गुण कळवावेत आणि मग तुलना व्हावी. प्रवासखर्च नाही, मुक्कामाची यातायात नाही. मात्र बंदूक हाताळण्याच्या सुरक्षिततेचा दाखला प्रत्येक मुलाने आधी मिळविलाच पाहिजे. अमेरिकेत बंदुकीपायी शाळांवर काय काय ओढवले आहे हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. ते ध्यानात घेता ही अट मला कागदी वाटत नाही.

आपल्याकडची वाट निराळी. ‘नॅशनल रायफल असोसिएशन’ची स्थापना १९५१ साली झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. घराणे मूळचे संगमेश्वराकडील मावळंगे गावचे, वकिली अहमदाबादची. सत्याग्रहात तुरुंगवास भोगलेल्या या गांधीवाद्याने रायफलीच्या संघटनेचे अध्यक्षपद स्वीकारावे, याची मौज वाटते. त्यांच्या नावाची स्पर्धा नव्या नेमबाजांना राष्ट्रीय स्पर्धेचे दार उघडून देत आली आहे. याच्या आधी, १९४८ साली, राष्ट्रीय छात्रसेना निघाली होती. सामान्य घरच्या मुलामुलींच्या हाती पॉइंट टू-टूची रायफल प्रथम आली ती या छात्रसेनेमुळे. मुंबईच्या अंजली वेदपाठक, म्हणजे पुढच्या अंजली भागवत, छात्रसेनेतूनच पुढे आल्या आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. कोल्हापूरची राही सरनोबत हिनेही शाळेत असताना छात्रसेनेतच प्रथम शस्त्र हाताळले. तिच्याच शाळेत शिकलेली थोरली तेजस्विनी सावंत २००६ साली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदके घेऊन आली होती. धाकटीने ते पाहिले आणि पिस्तूल उचलले. २०१० साली तेजस्विनी म्युनिकला जगज्जेती झाली. २०१८ साली राहीने आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. एका शाळेच्या भिंतींआड हे घडले! याला मी योगायोग म्हणणार नाही. आपल्याच शाळेतली ताई करू शकते, हे कळण्याला प्रशिक्षणाइतकेच मोल असते.

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ साली, वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास, राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला त्याने ५० मीटर रायफलच्या तिन्ही पवित्र्यांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. राधानगरी हाही रानाचा मुलूख. तेथील दाजीपूरचे जंगल एके काळी कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीचे रान होते आणि दांडेलीपाठोपाठ दोनच वर्षांनी, १९५८ साली, त्याचे अभयारण्य झाले.

म्हणून नंदिगड्ड्याची आठवण होते. तबकड्यांचे मैदान त्या बाजूला कोणी लवकर घालील असे मला वाटत नाही. पण हवेच्या दाबावर चालणाऱ्या रायफलीला पल्ला लागतो तो दहा मीटरांचा. पाऊस जूनपासून कोसळत असला तरी शाळेच्या लांबट पडवीत, मागे भक्कम आडोसा आणि शेजारी जाणता शिक्षक ठेवून, तेवढा पल्ला मिळू शकतो. लक्ष्याच्या मध्यावरचा टिंब अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो वेधण्यासाठी दारूगोळा फार लागत नाही, श्वास आवरावा लागतो. कांबळवाडीच्या मुलाला त्यासाठी शाळकरी वयात घर सोडावे लागले. मिनेसोटाच्या मुलांना ते सोडावे लागले नाही.