महाराष्ट्रातील विज्ञान शाखेची निवड

विज्ञान शाखेची निवड हा महाराष्ट्रातील विद्यार्थ्याने दहावीनंतर, अकरावीचा प्रवेश घेताना करावयाचा निर्णय होय. कोठारी आयोगाने (१९६४–६६) शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान व गणित सर्वांना अनिवार्य असावेत, अशी शिफारस केली. नव्या आकृतिबंधानुसार राज्यात दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली. कला, वाणिज्य व विज्ञान ही फारकत तेव्हापासून अकरावीत होते.

निवडीवर प्रभाव टाकणाऱ्या घटकांत विषयाची आवड हा एकच घटक नाही, आणि अनेकदा तो निर्णायकही नसतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजात २००९ मध्ये सुरू झालेल्या 'अ‍ॅस्पायर्स' या दीर्घकालीन अभ्यासात विज्ञान आवडणारी मुले पुष्कळ, पण वैज्ञानिक होऊ इच्छिणारी थोडी आढळली. घरातील विज्ञानविषयक वातावरण व ओळखी यांचा प्रभाव त्यात ठळक दिसला.

महाराष्ट्रात यात भाषेची भर पडते. अकरावी-बारावीच्या विज्ञानाचे अध्यापन मुख्यतः इंग्रजीतून होते. 'त्वरण', 'संयुजा' अशा संज्ञांतून विज्ञान शिकलेल्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला त्याच संकल्पना नव्या नावांनी पुन्हा शिकाव्या लागतात. गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविणारे सेमी इंग्रजी वर्ग हा त्यावरील प्रचलित उपाय आहे. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' २०१७ पासून मराठीतूनही देता येते. त्यामुळे वर्गातील अडचण मात्र दूर होत नाही.

वाशीम जिल्ह्यातील मालेगाव (नाशिक जिल्ह्यातील मालेगाव वेगळे) यांसारख्या तालुक्यांत अंतराचाही विचार होतो. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांत प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असल्याने प्रयोगशाळा असलेले कनिष्ठ महाविद्यालय आवश्यक ठरते. खेड्यातील मुलीच्या बाबतीत एस.टी.ची वेळ गुणांइतकीच महत्त्वाची असते. शिकवणीसाठी लातूरसारख्या शहरात राहण्याचा खर्च सर्व कुटुंबांना झेपत नाही. वाशीम येथे २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने हे उद्दिष्ट जिल्ह्यातच दिसू लागले आहे.

पालकांचा कल विज्ञानाकडे असण्यास व्यावहारिक कारणही आहे. बारावी विज्ञान उत्तीर्ण विद्यार्थ्याला पुढे कला वा वाणिज्य शाखेची पदवी घेता येते. उलट दिशेची वाट जवळजवळ बंद असते. म्हणून आवड नसतानाही काही विद्यार्थी ही शाखा घेतात. त्यानंतर गणित ठेवावे की जीवशास्त्र, हा दुसरा निर्णय येतो. दोन्ही विषय ठेवणाऱ्यांना अभियांत्रिकी व वैद्यकीय, दोन्ही प्रवेशपरीक्षा खुल्या राहतात.