प्राणिप्रयोगांचे नियंत्रण व पर्यवेक्षण (भारत)

नवे औषध माणसाला देण्यापूर्वी त्याची विषारिता, सुरक्षित मात्रा आणि शरीरातील परिणाम बहुधा उंदीर, ससे, गिनीपिग, कुत्रे किंवा माकडे यांच्यावर तपासले जातात. भारतात अशा प्रयोगांवर देखरेख ठेवण्याचे काम एका वैधानिक केंद्रीय समितीकडे आहे. संशोधकांमध्ये ती ‘सीपीसीएसईए’ या लघुनावाने रुळली. अलीकडे ते ‘सीसीएसईए’ असे बदलले आहे.

रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत केलेल्या पाठपुराव्यानंतर १९६० मध्ये प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्याच्या चौथ्या प्रकरणात प्राणिप्रयोगांचा विचार आहे. ज्ञानवृद्धीसाठी किंवा रोगनिवारणासाठी केलेले प्रयोग कायदा बेकायदा ठरवत नाही. मात्र लहान प्राण्यांवर भागत असेल तर मोठे प्राणी टाळावेत आणि केवळ हात बसावा म्हणून शक्यतो प्रयोग करू नयेत, असे तो सांगतो. समिती १९६४ मध्ये स्थापन झाली, पण तिच्या कामाला खरा जोर आला तो १९९८ मध्ये, मेनका गांधी अध्यक्ष असताना. त्याच वर्षी प्राण्यांची पैदास व प्रयोग यांविषयीचे नियम लागू झाले आणि प्रयोग करणाऱ्या संस्थांना नोंदणी सक्तीची झाली.

रोजची देखरेख मात्र दिल्लीतून होत नाही. ती प्रत्येक संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीवर अवलंबून असते. या समितीत संस्थेचे शास्त्रज्ञ, प्राणिगृहाचे प्रमुख आणि पशुवैद्य असतात. शिवाय बाहेरचा एक शास्त्रज्ञ, विज्ञानक्षेत्राबाहेरचा एक समाजाभिमुख सदस्य आणि केंद्रीय समितीचा प्रतिनिधीही असतो. संशोधक ‘फॉर्म बी’ भरून प्रयोगाचा हेतू, प्राण्यांची जात व संख्या, भूल व वेदनाशामके आणि प्रयोगानंतर त्या प्राण्यांचे काय करणार, हे लिहून देतो. लहान प्राण्यांवरील प्रयोगांना ही समितीच परवानगी देते. कुत्रे, माकडे यांसारख्या मोठ्या प्राण्यांचे प्रस्ताव तिच्या शिफारशीने केंद्रीय समितीकडे जातात. ‘या गटात आठ उंदीर कशाला, सहा का नकोत?’ हा प्रश्न त्या टेबलावर कोणी विचारतो की नाही, यावरच सारी यंत्रणा तोलली आहे. निम्म्याहून अधिक सदस्य त्याच संस्थेचे असल्याने बाहेरच्या प्रतिनिधीने अभ्यास करून येणे आणि प्राणिगृहात स्वतः फेरी मारणे फार महत्त्वाचे ठरते.

केंद्रीय समितीला तपासणीसाठी माणसे पाठवण्याचा आणि संस्थेचे प्रयोग थांबवण्याचा अधिकार आहे. खरा वचक याच अधिकाराचा. मात्र प्रयोग थांबवण्याचा आदेश मोडला तर कायद्याच्या विसाव्या कलमाने होणारा दंड जास्तीत जास्त २०० रुपये आहे. कोट्यवधींची उलाढाल असलेल्या औषध उद्योगासमोर तो नगण्य आहे, आणि देखरेख बळकट करायची तर आधी हे कलम बदलायला हवे.

महाराष्ट्रातल्या औषध व लसनिर्मितीचाही या विषयाशी जवळचा संबंध आहे. हाफकिन महामंडळाचे प्रतिसर्पविष घोड्यांच्या रक्तद्रवापासून तयार होते. २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत कोव्हॅक्सिनची चाचणी २० ऱ्हीसस माकडांवर झाली. ही माकडे मिळवण्यासाठी वनखात्याच्या मदतीने नागपूर परिसरापर्यंत शोध घ्यावा लागला. याच जातीच्या माकडांची परदेशी निर्यात भारताने १९७८ मध्ये बंद केली होती.

रसेल व बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या पर्याय, घट आणि वेदनाशमन या त्रिसूत्रीला भारतीय समितीने पुनर्वसनाचे चौथे सूत्र जोडले. प्रयोग संपल्यावरही प्राण्याची जबाबदारी संस्थेवर राहते, हे त्यामागचे तत्त्व. बंगळुरूत कूपा या संस्थेने प्रयोगशाळांतून सुटलेल्या बीगल कुत्र्यांना घरे मिळवून दिली आहेत. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राणिचाचण्यांवर २०१४ पासून बंदी आहे. औषधांबाबत २०२३ च्या नियमदुरुस्तीने पेशीसंवर्धन, चिपवरील अवयव, संगणकीय प्रारूपे अशा पद्धतींना मान्यता मिळाली. त्या वापरणे मात्र सक्तीचे नाही.