व्यक्तिगत माहितीचे संकलन आणि लोकविश्वास : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रजेची नोंद ठेवणे हे राज्यसंस्थेचे जुनेच कार्य होय. मात्र त्यामागील विचारसरणी कालपरत्वे बदलत गेली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच संशयित ठरविले. १९११ च्या कायद्याने त्यांच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार शासनास दिला. स्वतंत्र भारतात, १९५२ मध्ये, ही व्यवस्था रद्द झाली.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे 'आधार'चा प्रारंभ झाला. ठसे पुन्हा घेतले गेले. हेतू मात्र कल्याणाचा होता. तथापि ओळख सिद्ध करण्याचा भार दोन्ही वेळी सामान्य माणसावरच राहिला. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील कामगारासही भविष्य निर्वाह निधीसाठी आधारजोडणी करावी लागते. कष्टाने झिजलेले ठसे यंत्रास जुळले नाहीत, तर प्रश्न केवळ तांत्रिक न राहता हक्काचा होतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणास मूलभूत हक्क मानले. २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा संमत झाला. परंतु त्याच्या कलम १७ मध्ये अधिसूचित शासकीय यंत्रणांना सूट देण्याची तरतूद आहे.

सारांश, हेतू बदलल्याने विश्वास आपोआप निर्माण होत नाही. माहिती घेणारा जेव्हा माहिती देणाऱ्यास उत्तरदायी ठरतो, तेव्हाच तो निर्माण होतो.