जननेंद्रियावर फोड आला : गुप्तरोगच असेल का?

अंघोळ करताना किंवा लघवीला गेल्यावर जननेंद्रियावर एखादी पुटकुळी, पाण्याचा फोड किंवा सोललेली जागा दिसते आणि पोटात गोळा येतो. पहिला विचार येतो तो गुप्तरोगाचा. मग रात्रभर मोबाइलवर फोटो बघणे, घरच्यांपासून लपवणे आणि शेवटी मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणून लावणे, हा क्रम ठरलेला असतो. बहुतेक जण डॉक्टरांकडे येतात ते या सगळ्यात आठ-दहा दिवस गेल्यावर. तोपर्यंत फोड सुकलेला असतो किंवा क्रीममुळे त्याचे रूप बदललेले असते, आणि निदान अवघड होते.

या लेखावरून स्वतःचे निदान करू नका. भीती किती बाळगायची आणि पुढचे पाऊल काय टाकायचे, एवढे यावरून ठरवता येईल.

लैंगिक संसर्गाशिवाय फोड कशाने येतात?

• केस काढल्यानंतरच्या पुटकुळ्या : रेझर फिरवल्यावर दोन-तीन दिवसांत केसांच्या मुळाशी लाल, पू भरलेले दाणे येतात. बारकाईने पाहिले तर दाण्याच्या मधोमध केस दिसतो.

• घर्षण : घट्ट किंवा सिंथेटिक अंतर्वस्त्रे, घाम, दिवसभर दुचाकी चालवणे किंवा कोरडेपणात झालेला संबंध यांमुळे त्वचा सोलते. काही दिवस विश्रांती दिली की ती भरून येते.

• तीव्र रसायने : अंतर्भागाला जंतुनाशक पाणी न मिसळता लावणे किंवा केस काढण्याची क्रीम जास्त वेळ ठेवणे. संबंधानंतर भीतीपोटी जंतुनाशकाने धुतल्यामुळेच फोड आलेले रुग्ण नेहमी दिसतात.

• औषधाची रिॲक्शन : सल्फाची औषधे, काही वेदनाशामके, जुलाबावरच्या काही गोळ्या यांमुळे गोळी घेतल्यापासून काही तासांत ते एक-दोन दिवसांत शिश्नाच्या टोकावर किंवा ओठांवर लालसर-जांभळा चट्टा उठतो. त्यावर कधी फोडही येतो. बरा झाल्यावर काळसर डाग राहतो आणि तीच गोळी पुन्हा घेतली की नेमक्या त्याच जागी पुन्हा उठतो. या कारणाला अनेकदा हर्पिस समजले जाते. त्यामुळे गेल्या आठवड्यात घेतलेल्या सगळ्या गोळ्या आठवून डॉक्टरांना सांगा.

• बुरशी : खाज, लाली, पांढरा थर, पुढच्या त्वचेला बारीक चिरा. हे वारंवार होत असेल तर रक्तातील साखर तपासा. मधुमेहाचा पत्ता कधी कधी इथूनच लागतो.

• खरूज : रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत आणि कमरेवर पुरळ, घरात आणखी कुणाला तरी खाज. पुरुषांमध्ये शिश्नावर आणि अंडकोशावर गाठीसारखे दाणे येतात. हा आजार लैंगिक संबंधातून पसरू शकतो, तसा एकत्र झोपण्यातूनही पसरतो.

• नैसर्गिक ठिपके : शिश्नाच्या टोकाच्या कडेने ओळीत असलेले बारीक मोत्यासारखे दाणे, किंवा त्वचेखाली दिसणारे पिवळसर ठिपके. हे दुखत नाहीत, वाढत नाहीत आणि त्यांना औषधाची गरज नसते.

लैंगिक संसर्ग असेल तर कसा दिसतो?

*हर्पिस.* आधी मुंग्या आल्यासारखे किंवा जळजळल्यासारखे वाटते. मग लालसर जागेवर पाण्याने भरलेले बारीक फोड झुपक्याने येतात. ते फुटून उथळ, दुखरे व्रण होतात आणि खपली धरते. पहिल्या वेळी ताप, अंगदुखी, लघवी करताना आग आणि जांघेत दुखरे अवधाण येऊ शकते. बरे व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. पुन्हा आला तर त्रास कमी असतो आणि लवकर आटोपतो. विषाणू नसांच्या मुळाशी दडून राहतो, म्हणून तो शरीरातून पूर्ण जात नाही. मात्र विषाणूविरोधी गोळ्या लवकर सुरू केल्या, शक्यतो पहिल्या तीन दिवसांत, तर त्रास कमी होतो. वारंवार उठत असेल तर रोजच्या गोळीने तो आटोक्यात ठेवता येतो.

*सिफिलिस, म्हणजे उपदंश किंवा गर्मी.* यात बहुधा एकच, कडक बुडाचा, स्वच्छ दिसणारा व्रण येतो, आणि तो दुखत नाही. तीन ते सहा आठवड्यांत तो आपोआप भरतो. धोका इथेच आहे. व्रण गेला तरी जंतू रक्तात राहतात. पुढे तळहात-तळपायांवर पुरळ येते आणि उपचार न झाल्यास काही वर्षांनी हृदय, मेंदू यांना इजा होऊ शकते. सुरुवातीच्या अवस्थेत हा आजार बेंझाथिन पेनिसिलिनच्या एका डोसने बरा होतो.

*शँक्रॉइड.* वेडावाकडा, अतिशय दुखरा, चिघळलेला व्रण. आता हा क्वचितच दिसतो.

थोडक्यात, दुखणाऱ्या फोडामुळे रुग्ण घाबरून डॉक्टरांकडे येतो, पण न दुखणाऱ्या व्रणाकडे दुर्लक्ष करणे जास्त महागात पडते.

दिवस मोजा

संबंध कधी आला आणि फोड कधी दिसला, हे कागदावर लिहा. हर्पिसचे पहिले फोड साधारण २ ते १२ दिवसांत येतात. सिफिलिसचा व्रण ९ ते ९० दिवसांत, सरासरी तीन आठवड्यांनी येतो. संबंधानंतर काही तासांतच दिसलेली सोललेली जागा बहुधा घर्षणाची असते. कंडोम वापरला असेल तर धोका बराच कमी होतो, पण कंडोमने न झाकलेल्या त्वचेतून हर्पिस आणि सिफिलिस पसरू शकतात.

‘म्हणजे जोडीदाराने फसवले का?’

हा प्रश्न फोडापेक्षा जास्त संसार पोळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ८४.६ कोटी लोकांना जननेंद्रियाच्या हर्पिसचा संसर्ग आहे. त्यातल्या बहुतेकांना लक्षणे नसतात किंवा इतकी सौम्य असतात की लक्षातही येत नाहीत. लग्नाआधी झालेला संसर्ग काही वर्षांनी पहिल्यांदा वर येऊ शकतो. ओठांवर ‘जर’ उठते ती ज्या विषाणूमुळे, तोच मुखसंभोगातून जननेंद्रियावर जातो. त्यामुळे आज दिसलेला हर्पिसचा फोड कालच्या व्यभिचाराचा पुरावा ठरत नाही. घरात भांडण करण्याआधी निदान होऊ द्या.

निदान लैंगिक संसर्गाचे निघाले, तर जोडीदाराला सांगणे आणि त्याची किंवा तिची तपासणी करून घेणे आवश्यक आहे. बोलायला जड जात असेल तर समुपदेशकांसमोर दोघे बसा.

कोणत्या तपासण्या?

• ताज्या फोडातील द्रव घेऊन केलेली पीसीआर तपासणी हर्पिससाठी सर्वांत विश्वासार्ह. म्हणून फोड ताजा असतानाच या.

• सिफिलिससाठी रक्ताची व्हीडीआरएल किंवा आरपीआर, आणि खात्रीसाठी टीपीएचए. व्रणाच्या अगदी सुरुवातीला ही तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. डॉक्टरांनी सांगितल्यास पुन्हा करा.

• एचआयव्हीची तपासणी आता आणि तीन महिन्यांनी.

• हर्पिसची आयजीएम रक्ततपासणी स्वतःहून करू नका. ती चुकीची पॉझिटिव्ह येऊ शकते आणि नसलेली काळजी मागे लावते.

नाशिकमध्ये कुठे जायचे?

त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञांकडे जा. स्त्रियांनी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले तरी चालते. खर्च परवडत नसेल तर त्र्यंबक रोडवरील जिल्हा शासकीय रुग्णालयात, म्हणजे आपल्या ‘सिव्हिल’मध्ये जा. सरकारी रुग्णालयांत अशा आजारांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावाने सेवा असते. तिथे तपासणी, समुपदेशन आणि रंगांनुसार ओळखायची औषधांची किट मोफत मिळतात. एचआयव्हीची तपासणी आयसीटीसी केंद्रात मोफत होते. तालुक्यातल्यांनी आपल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. केसपेपर काढताना खिडकीवर सगळे सांगायची गरज नाही, ‘त्वचारोग विभाग’ एवढे पुरते.

१०९७ या टोल-फ्री क्रमांकावर मराठीतूनही माहिती मिळते. एचआयव्ही तपासणी संमतीशिवाय करता येत नाही आणि तिचा निकाल गुप्त ठेवणे २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. ‘गुप्तरोग हमखास बरा’ अशा भिंतीवरच्या जाहिरातींपासून मात्र लांब राहा.

तोपर्यंत काय करावे?

• जागा साध्या पाण्याने धुवा, कोरडी ठेवा, सैल सुती कपडे वापरा.
• फोड फोडू नका. हात लागला तर साबणाने धुवा, डोळ्यांना लावू नका.
• स्टेरॉइड मिसळलेली क्रीम, हळद, चुना, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नका.
• निदान होईपर्यंत आणि जखम पूर्ण भरेपर्यंत संबंध टाळा.
• आरशात दर तासाला पाहू नका. दिवसातून एकदा पुरे.

यांपैकी काही असेल तर थांबू नका

• लघवी अडणे, खूप ताप, मान आखडणे किंवा तीव्र डोकेदुखी
• डोळा लाल होऊन दुखणे
• नवीन गोळी घेतल्यावर तोंडात, डोळ्यांत आणि अंगावरही फोड येणे
• गरोदरपण. सिफिलिस पोटातल्या बाळाला होऊ शकतो, आणि प्रसूतीच्या सुमारास आलेला हर्पिस बाळासाठी घातक ठरू शकतो. फोड आत्ता नसला, पण पूर्वी येऊन गेला असला, तरी डॉक्टरांना सांगा.
• धोक्याचा संबंध गेल्या ७२ तासांतला असणे. एचआयव्ही टाळण्याची औषधे याच मुदतीत सुरू करावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी चांगली.

डॉक्टरांसाठी हा फोड गुडघ्यावरच्या फोडासारखाच एक फोड असतो. तुम्ही कसे वागलात याचा निवाडा करायला ते बसलेले नसतात. त्यांना हव्या असतात तीन गोष्टी : तारखा, घेतलेल्या गोळ्या आणि खरे उत्तर. उद्या सकाळी या तीन गोष्टी घेऊन निघा.