नांगर आणि बांगडी

घरोघरी जुन्या पेटीत एखादी वंशावळ जपून ठेवलेली असते. मूळपुरुषापासून तिचा आरंभ होतो. त्याला दोन पुत्र, त्या पुत्रांना पाच, अशा फांद्या पसरत जातात. परंतु ह्या वृक्षावर एकही स्त्री आढळत नाही. ज्या मातांच्या उदरी हे पुरुष जन्मास आले, त्यांची नावे लिहिण्याची कोणास गरज वाटली नाही. वृक्ष उभा असतो, पण त्याची निम्मी मुळे तोडलेली असतात.

जुन्या कागदपत्रांची रीत मात्र ह्याहून थोडी उदार होती. लिहिता न येणारा कुणबी कागदाखाली नांगराची आकृती काढवी. त्यास ‘निशाणी नांगर’ म्हणत. स्त्रीची निशाणी बांगडी असे. एक वाटोळी रेघ एवढेच तिचे रूप. पण त्या रेघेने ती स्त्री कागदावर उभी राहत असे. एकोणिसाव्या शतकातील आपल्या कुळातल्या एखाद्या शेतकरी दांपत्याचा शोध घेणे म्हणजे ह्या दोन निशाण्या पुन्हा शेजारी शेजारी आणणे होय.

हा शोध कसा चालतो, हे पाहण्यास पुणे जिल्ह्याचा पूर्वेकडील अवर्षणाचा मुलूख घेऊ. सुपे हे गाव तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. आज ते बारामती तालुक्यात आहे. तेथील पंचक्रोशीत १८४० च्या सुमारास जन्मलेला एखादा कुणबी आणि लहानपणीच त्याच्या घरी आलेली त्याची पत्नी, ह्यांचा माग त्यांच्या पणतवंडाने काढावयाचा म्हटले, तर आरंभ जिवंत माणसांपासून करावा लागतो. घरातील सर्वांत वृद्ध बाईला आजेसासूचे नाव, तिचे माहेर आणि कुलदैवत विचारून घ्यावे. कागद पुष्कळ काळ टिकतो; म्हातारीची आठवण तितके दिवस थांबत नाही.

त्यानंतर तलाठ्याचे दप्तर. हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ साली झाला. त्यानंतरच्या फेरफार पत्रकांवरून कोणाच्या मृत्यूनंतर कोणाचे नाव लागले, हे एकेक पायरी मागे जाऊन पाहता येते. येथे दोन गोष्टींनी फसगत होते. पहिली, आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची चाल. त्यामुळे एकाच नावाचे दोन पुरुष एकमेकांत मिसळतात. ‘अमुक बिन तमुक’ असा पित्याचा उल्लेख पाहिल्याखेरीज त्यांचा निवाडा होत नाही. दुसरी गोष्ट आडनावाची. महात्मा जोतीराव फुले ह्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे व मूळ गाव साताऱ्याकडील कटगुण. पुण्यात फुलांचा व्यवसाय पत्करल्यावर ते फुले झाले. धंदा बदलला, गाव सुटले, की आडनावही बदलत असे. म्हणून शोधकर्त्याने आडनावापेक्षा जमिनीवर अधिक भिस्त ठेवावी. माणसे स्थलांतर करतात, शेत जागचे हलत नाही.

ह्या शेतांना क्रमांक मिळाले ते इंग्रजी मोजणीत. प्रिंगल साहेबाची आकारणी रयतेस झेपली नाही आणि गावे ओस पडू लागली, तेव्हा १८३५ साली गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणी आरंभिली. पुढे हीच पद्धत सर्व दख्खनभर पसरली. प्रत्येक शेतास सर्व्हे नंबर मिळाला, हद्दीच्या खुणा उभ्या राहिल्या, जमिनीची प्रत आण्यांत ठरविण्यात आली आणि सारा तीस वर्षांसाठी कायम झाला. सोळा आणे प्रतीची काळी जमीन कोणती आणि चार आणे प्रतीचा मुरमाड माळ कोणता, हे त्या नोंदी सांगतात. पणतवंडाच्या हाती पणजोबांचा चेहरा लागत नाही. परंतु ज्या मातीने त्याला खावयास घातले किंवा उपाशी ठेवले, तिचा कस आण्यांत मोजून मिळतो.

पुढे सावकाराचा रोखा येतो. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव वाढले, सावकाराने हात सैल सोडला आणि कुणब्याने कर्ज काढले. युद्ध संपले, भाव उतरले. कर्ज मात्र उतरले नाही. इकडे तीस वर्षांची मुदत सरताच साराही वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने बहुतेक साध्या रोख्यांची मुदत तीन वर्षांची केली होती. हेतू रयतेच्या रक्षणाचा. परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी सावकार व्याज मुदलात घालून नवा रोखा लिहून घेई, आणि कुणबी त्याखाली पुन्हा आपला नांगर काढी. पुढे पुढे त्या नांगराने शेत नांगरले जाण्याऐवजी धन्याचेच घर नांगरले जाऊ लागले.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारच्या दिवशी ह्या असंतोषाचा भडका उडाला. जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांकडे रोख्यांची व हिशेबाच्या वह्यांची मागणी केली आणि हाती आले ते कागद जाळले. दंगा पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावी पसरला. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला व १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यान्वये शेतकऱ्यांचे रोखे ग्रामनिबंधकासमोर लिहिले जाऊ लागले. वंशाचा शोध घेणाऱ्यास ह्या घटनेत मोठाच विरोधाभास दिसतो. ज्या कागदावर पणजोबाने स्वहस्ते केलेली निशाणी होती, तोच कदाचित त्या दिवशी जळाला असेल. आणि तो जळावा, हीच त्याची इच्छा असेल. अशा जागी नोंद सापडत नाही म्हणून खंत करू नये. ती रिकामी जागा हीच त्याच्या आयुष्याची नोंद होय.

दंग्याला दोन वर्षे होतात न होतात तोच १८७६-७७ चा मोठा दुष्काळ कोसळला. हजारो कुटुंबे घराला कुलूप लावून दुष्काळी कामांवर गेली. धोंड-मनमाड लोहमार्गाचा मातीभराव ह्याच हातांनी केला. त्या कामांवर पुरुष, स्त्री व मूल अशी वेगळी गणती होई आणि स्त्रीची मजुरी पुरुषाहून कमी असे. सरकारी हिशेबात कुणब्याची बायको जेव्हा दिसते, तेव्हा बहुधा अशी दिसते: नावाशिवाय, एक आकडा होऊन, डोक्यावर मातीची पाटी घेऊन.

मग तिचे नाव शोधावे तरी कोठे? पुष्कळदा पतीच्या मृत्यूनंतर ते कागदावर येते. ‘अमुकबाई कोम तमुक’ ह्यातील ‘कोम’ म्हणजे पत्नी. मुलगा लहान असेल तर त्याची पालनकर्ती म्हणून आईचे नाव लागते, सातबाऱ्यावरील ‘अ. पा. क.’ ह्या तीन अक्षरांमागे कित्येक विधवांनी एकटीने केलेली शेती दडलेली आहे. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात, कधी तिच्या मृत्यूची ओळ भेटते. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरू आपल्याबरोबर आई, पत्नी, भावजय ह्यांचीही नावे घालीत. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी घराण्यांच्या पिढ्या तोंडपाठ सांगत आले.

ह्याखेरीज एक दप्तर असे आहे की ज्यास कागदच नाही. ते म्हणजे जात्यावरच्या ओव्या. माहेरची वाट, भावाची ओढ, सासरचा जाच हे सारे स्त्रीने जात्यापाशी बोलून ठेवले. हेमा राईरकर व गी पॉयत्व्हँ ह्यांनी पुण्याहून चालविलेल्या कार्यात अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. आपल्याच पणजीची ओवी त्यांत मिळेल असे नव्हे. परंतु तिच्यासारख्या बायांचे मन त्यांत निश्चित मिळते.

तरीही मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. जोतीरावांचे चरित्र अभ्यासकांनी किती बारकाईने धुंडाळले! तरी त्यांच्या मातोश्री चिमणाबाईंविषयी सांगण्यासारखे फार थोडे आहे. मूल तान्हे असतानाच त्या वारल्या. थोरांच्या घरी ही स्थिती, तर सामान्य कुणबिणीचे नाव मिळाले तरी ते भाग्यच म्हणावयाचे.

आज ह्या शोधाला वेळ मात्र थोडा उरला आहे. जुने दप्तर बहुतांशी मोडी लिपीत आहे आणि मोडी वाचणारे विरळ आहेत. २०२३ साली राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, तेव्हा ही उणीव सर्वांस जाणवली आणि कित्येक घरांनी आपल्या पणजोबांचे नाव प्रथमच कागदावर पाहिले. दाखल्यासाठी झालेला शोध दाखला मिळताच थांबतो. दाखल्यास पुरुषाची साखळी पुरते. कुळाच्या इतिहासास ती पुरत नाही.

१ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आईचे नाव सरकारी कागदोपत्री आवश्यक झाले आहे. पुढच्या पिढ्यांची सोय झाली. मागच्यांची सोय कायद्याने होणारी नाही. ती घरच्या माणसांनीच करावयाची आहे. पेटीतील वंशावळ एकदा बाहेर काढावी, प्रत्येक पुरुषाच्या नावाशेजारी त्याच्या पत्नीचे नाव व माहेर लिहावे, आणि जेथे नाव मिळत नाही, तेथे एक लहानशी बांगडी काढून ठेवावी. तेथे कोणी एक होती, एवढे तरी पुढच्यांस कळेल.